बिब्ब्याची खूण

चर्चच्या नोकरीत मी सत्तावीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात मला एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला गेला. बाहेरचे लोक आवाज खाली आणून विचारायचे, "बाई, खरं सांगा, किती जणांना बाटवलंत?" आणि आमचे लोक आवाज चढवून विचारायचे, "सुलोचनाबाई, यंदा बाप्तिस्मे किती?" माझं उत्तर दोघांनाही पटायचं नाही. बाहेरच्यांना वाटायचं मी लपवते, आमच्यांना वाटायचं मी झोपा काढते.

त्यामुळे दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं संपादकांनी कळवलं, तेव्हा आधी हसू आलं. मिशनची बाई दिवाळी अंकात काय दिवे लावणार? पण नाताळात आम्हीही करंज्याच करतो आणि त्या तळताना फुटतातही तुमच्यासारख्याच. तेव्हा लिहिते. एका प्रकरणाबद्दल लिहिते, कारण ते अजून मला टोचतं.

आधी काम काय होतं ते सांगते. कागदोपत्री मी 'सेविका'. सेविका म्हणजे नन नव्हे. मला नवरा आहे, दोन मुलं आहेत, सासू होती आणि ती पुरेशी कडक होती. आमचं देऊळ (चर्च हा शब्द कागदावरचा, आमच्या बायका देवळालाच जातात) सोलापुरात गिरण्यांच्या भागात. देवळाच्या आवाराला उत्तरेकडून एक लांब दगडी भिंत, तिच्या पलीकडे रस्ता. वर्षातले बहुतेक महिने त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सावली. सोलापूरच्या उन्हात अशी सावली म्हणजे घरच. बहात्तरच्या दुष्काळात खेड्यांतून माणसं निघाली. अंगात बळ होतं ती सरकारी कामांवर खडी फोडायला गेली. ज्यांच्यात नव्हतं, म्हणजे म्हातारी, आजारी, दिवस गेलेली, त्यातली काही आमच्या भिंतीला येऊन टेकली. आमचे पाळकसाहेब म्हणजे देवळाचे मुख्य धर्मगुरू. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सुलोचनाबाई, भिंतीच्या आतलं मी बघतो. बाहेरचं तुमच्याकडे."

एवढीच माझी नेमणूक. प्रशिक्षण वगैरे काही नाही. जे शिकले ते भिंतीजवळ शिकले.

पहिली गोष्ट ही शिकले की जायचं ते सकाळी. गिरणीचा पहिला भोंगा झाला की माणसं उठतात, अंथरुणं गुंडाळतात आणि गाठोडं बांधून कामाच्या नाहीतर भिकेच्या वाटेला लागतात. तेवढ्या तासाभरात सगळं कळतं. ज्याचं गाठोडं सात वाजले तरी बांधलेलं नाही तो आजारी, हे खुशाल समजावं. मी डॉक्टर नाही, पण गाठोड्यावरून काढलेलं निदान माझं सहसा चुकलं नाही. दुसरी गोष्ट, उभं राहून बोलायचं नाही. उभं राहिलं की त्यांना पोलीस वाटतो. खाली मातीत बसायचं, लुगड्याची काळजी घरी ठेवून. आणि "का आलात" हे पहिल्या दिवशी कधी विचारायचं नाही. "पाणी कुठनं आणता?" हे विचारायचं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणाला लाज वाटत नाही.

खाण्याची सोय मुठीवर चाले. आमच्या बायका रोज भाकरीचं पीठ परातीत घेतलं की त्यातली एक मूठ देवाची म्हणून पिशवीत टाकतात. शनिवारी ती पिशवी देवळात येते. त्या वर्षी पीठ रेशनच्या लाल मिलोचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या जोंधळ्याचं होतं आणि घरोघरचे डबेच तळाला गेलेले, तरी मूठ चुकली नाही. माझ्या सासूची मूठ तर सगळ्यांत मोठी असायची आणि ती मला ऐकवायचीही. त्या पिठाच्या भाकऱ्या आवारात भाजायच्या आणि सकाळी भिंतीबाहेर वाटायच्या.

भिंतीवरचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे नरसय्या. तेलुगू विणकर, हातमागावर चादरी विणणारा. दारूपायी मागावरून उठला, मग घरातून उठला आणि आमच्या भिंतीशी बसला. हात मात्र अस्सल कारागिराचे. दुष्काळाच्या आदल्या थंडीत आम्ही तेव्हा भिंतीवर असलेल्या सगळ्यांना चादरी वाटल्या, तर त्यानं आपली उजेडात धरली, अंगठ्यानं कड चाचपली आणि मलाच झापलं. "बाई, हे धागा कच्चा आहे की. कोण विणलं हे?"

आठ दिवसांत त्यानं ती चादर विकली आणि प्यायला. तोच कशाला, निम्म्या चादरी बाजारात गेल्या. आमचे पंचकमिटीचे सेक्रेटरी दादासाहेब यांनी आमचीच चादर एका दुकानात टांगलेली पाहिली आणि ते ताडताड देवळात आले. दादासाहेब निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे. त्यांचं भिंतीशी तेव्हापासून वाकडं. पुढे ते आणखी वाढलं, ते कुणामुळे हे आता सांगते.

कोंडाबाई आली ती पावसाळा कोरडा गेल्यावर. नातेपुत्याकडची, शेतकरी घरातली, साठीच्या पुढची. मुलगा आणि सून खडीच्या कामाला निघाले, ही वाटेत तापानं पडली. मुलानं तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं आणि टोळीबरोबर तो पुढं गेला, कारण टोळी थांबत नाही. बरी होऊन बाहेर आली तेव्हा मुलाचा पत्ता नाही. बरोबर एक गाठोडं, त्यात तवा. माणसं घर सोडताना काय घेतात ते मी खूप पाहिलंय. तवा घेतलेली ती एकटीच.

पहिल्या सकाळी मी तिच्यापुढे भाकरी धरली. तिनं हात मागे घेतला.

"तुमी मिशनीतल्या न्हवं?"

"हो."

"मग न्हाय चालत मला. राग नका धरू."

मला राग आला. उपाशी बाई, दुष्काळ पडलेला, आणि हिचे नखरे! दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती उठूनच बसेना, गाठोडं सुटलेलं. मी घाबरले. विचारलं, "कोंडाबाई, मग तुला चालतं तरी काय?"

"कोरडा शिधा चालतो की," ती म्हणाली. "पीठ द्या, मीठ द्या. भाजून म्या खाती."

इतकं सोपं होतं आणि तीन दिवस मला विचारायचं सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मुठीच्या पिशवीतलं ओंजळभर पीठ कोंडाबाईला वेगळं जाऊ लागलं. तिनं भिंतीला लागून तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, तवा चढवला. मग दिवसभर बाकीच्यांची भांडी त्याच चुलीवर चढायची. हळूहळू भिंतीवर माणसाच्या उंचीचा काळा पट्टा उठला. दादासाहेब रोज तो पट्टा बघत आणि रोज मला बोलवत.

"सुलोचनाबाई, ही देवळाची भिंत आहे, धर्मशाळेची नाही. तुमची ती म्हातारी आपली भाकरी खात नाही आणि भिंत मात्र आपली जाळते!"

"तिचा नियम आहे, दादासाहेब."

"आणि आपला काही नियम?"

त्यांनी दोनदा चुना मारून घेतला आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पट्टा पुन्हा वर आला.

त्या नाताळात पुन्हा चादरी मिळाल्या. एका कारखानदारानं विणीत दोष असलेल्या चाळीसेक चादरी दिल्या. कमिटीत प्रश्न निघाला की या पुन्हा बाजारात गेल्या तर? त्यावर तोड मी काढली. मी, दुसऱ्या कुणीही नाही. म्हटलं, खूण करू. परीट कपड्यांना बिब्ब्याची खूण करतो ना, तशी. बिब्बा टोचून त्याचं तेल कापडावर लावलं की काळा डाग उठतो आणि कापड विरलं तरी तो जात नाही. खूण कसली करायची? माझ्याच तोंडून आलं, क्रूस. असली चादर कुठला दुकानदार घेईल? कमिटी खूश झाली. दादासाहेबांनी पहिल्यांदा आणि शेवटचं माझं कौतुक केलं.

दोन दिवस बसून मी स्वतः चाळीस चादरींच्या टोकांना क्रूस काढले. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बिब्ब्यानं उतून फोडांनी भरली आणि त्या फोडांचा मला अभिमान वाटत होता, हे लिहायला आज जड जातं.

एकही चादर विकली गेली नाही. कोंडाबाईनंही घेतली. कापडाला तिचा नियम नव्हता.

इकडे मी तिच्या मुलाचा शोध चालवला होता. आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगते. खेड्यात पत्र धाडायचं ते शाळामास्तरच्या नावानं. तो वाचतो आणि सगळ्या गावाला वाचून दाखवतो. मी तीन पोस्टकार्डं टाकली. पहिल्या दोनांना उत्तर नाही, कारण गावच रिकामं होतं. पुढचा पाऊस बरा झाला आणि तिसऱ्याला उत्तर आलं. मुलगा महादू मधले महिने श्रीपूरच्या कारखान्याला ऊस तोडत होता, आता घरी परतला होता. आई दवाखान्यात मेली असं समजून त्यानं तिचे दिवसही घातले होते. 'लगेच पाठवा,' मास्तरांनी लिहिलं होतं, 'महादू रडतो आहे.'

मी कोंडाबाईला एसटीत बसवून दिलं. तिनं गाठोड्यात तवा बांधला, खांद्यावर चादर टाकली आणि खिडकीतून माझ्या तोंडावरून हात फिरवला. परत येताना मी भिंतीजवळचे ते तीन दगड रिकामे पाहिले आणि माझं काम झालं असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी गेले, तर ती त्याच दगडांशी बसलेली.

गाठोडं सुटलेलं. चूल पेटवलेली नाही. मी समोर बसले. "काय झालं कोंडाबाई? महादू भेटला नाही?"

तिनं चादरीचं टोक ओढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये काय हाय?"

"खूण आहे. चादर विकू नये म्हणून."

"मला वाटलं परटाची हाय. म्या अडाणी." ती हळू बोलत होती, भांडत नव्हती. "येशीत पाय ठिवला आन् भावकीतल्या एकानं वळखलं. म्हातारी बाटली. मिशनीत ऱ्हाऊन आली, शिक्का मारून आली. सुनंनं दारातच थांबीवलं. नातीची सोयरीक चाललीया, पावनं बिथरलं तर? महादा नुसता रडतुया. म्या खंडूबाचा बेलभंडारा उचलून शपत घेतली, तरी कुणी इस्वास ठिवंना. म्हनत्यात, म्हातारीला घरात यायचं हाय, ती उचलंलच की."

मग तिनं त्या डागावर बोट ठेवलं. "वरीस झालं, तुज्या हातची भाकर तोंडात घातली न्हाय म्या. कशापायी? ह्येच्यापायीच की गं."

मला तिथंच रडू फुटलं. वर्षभर जिनं आपला नियम उपाशी पोटी सांभाळला, तिच्यावर मी माझा शिक्का मारला होता, आणि तो तिला कळूही न देता. दुष्काळानं तिचं घर काही महिन्यांसाठी नेलं होतं. मी ते कायमचं नेलं होतं.

नरसय्या शेजारी बसून ऐकत होता. त्यानं चादर ओढून घेतली, टोक उजेडात धरलं. "बाई, रडून बिब्बा जात नाही की," तो म्हणाला. "बिब्बा जाणारच नाही. पण धागा जातो." खूण चादरीच्या शेवटच्या चार बोटांत होती. त्यानं तिथले आडवे धागे एकेक करून उपसले आणि उरलेल्या उभ्या धाग्यांना गाठी मारून झालर केली. डागाचा जो काय ठिपका उरला तो गाठींत गेला. दुपारपर्यंत ती चादर चार बोटं आखूड आणि मूळच्यापेक्षा देखणी झाली. मग मला म्हणाला, "बाकीच्या पण आण."

मी त्या संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेले. दादासाहेबही तिथं होते.

"मी तिच्या गावाला जाते," मी म्हटलं.

"जाऊन काय सांगणार?"

"ही ख्रिस्ती झालेली नाही असं सांगणार."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "तीस वर्षं मी या सेवेत आहे. हे सांगायला कुणी गावोगाव गेल्याचं ऐकलं नाही."

"लोक हसतील," दादासाहेब म्हणाले. "आणि चादरींवरची खूण काढू देणार नाही. पुन्हा बाजार भरेल."

"भरू दे," मी म्हटलं. दादासाहेबांशी मी असं कधी बोलले नव्हते. "चादर विकून कुणी दारू प्याला तर एक रात्र कुडकुडेल. खुणेनं तिचं घर गेलंय. खूण मी केली, मीच काढणार."

पाळकसाहेबांनी चष्मा परत घातला. "जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. नातेपुत्याच्या अलीकडे उतरून दोन कोस चालायचं होतं. कोंडाबाई पुढं, मी मागं. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "तुला भ्या न्हाय वाटत?" वाटत होतं. खेड्यात आमच्या लोकांना दगड बसल्याच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले होते. पण परत फिरायचं म्हणजे ते तीन दगड जन्मभर बघायचे.

गावच्या पारावर माणसं जमली. महादू खाली मान घालून उभा. भावकीत वडीलधारे म्हणून तात्या होते, सत्तरीचे, पांढऱ्या भरघोस मिशांचे. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, म्हणून मी स्वतःच खाली मातीत बसले. सवयच होती. कोंडाबाई माझ्याशेजारी बसली.

"तुमचं कामच हाय की, बाई, मानसं वडायची," तात्या म्हणाले.

"आहे. पण हिला ओढलेली नाही."

"आन् ती चादर?"

"चादरीवरची खूण माझी चूक आहे. हिला ती माहीतही नव्हती. हिचा बाप्तिस्मा झालेला नाही, ही आमच्या देवळात एकदाही आलेली नाही. मला खोटं बोलून काय मिळणार? आमच्याकडे बाप्तिस्मा झाला असता तर मी अभिमानानं सांगितलं असतं."

यावर दोघेतिघे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी एका पोराला खंडोबाच्या देवळात पाठवलं. तो ताट घेऊन आला, ताटात हळदीचा भंडारा आणि वर बेलाची पानं.

"म्हातारीनं उचलला, त्यात काय न्हाय. ती उचलंलच. तुमाला हितं घरात यायचं न्हाय, तुमचं काय अडलं न्हाय. तुमी उचला. तुमचा द्येव बाजूला ठिवून आमच्या खंडूबाचा बेलभंडारा उचला, म्हंजी म्या मानतो."

आता हे बाहेरच्यांना नीट सांगायला हवं. आमच्यात शपथ घ्यायचीच नसते. दुसऱ्या देवाची शपथ तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. साध्या माणसानं घेतली तर मंडळी, म्हणजे आमची सगळी ख्रिस्ती बिरादरी, त्याला प्रभुभोजनातून, म्हणजे देवळात पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीतून, दूर ठेवते. मी तर पगारी सेविका. नोकरी जाणार हे उघड होतं. पण खरं सांगते, तेव्हा नोकरी आठवली नाही. लहानपणी आई झोपताना प्रार्थना शिकवायची तो तिचा आवाज आठवला आणि हात मांडीवरच राहिला.

मग शेजारी कोंडाबाईचं सुटलेलं गाठोडं दिसलं.

मी हात पुढे केला. माझी बोटं भंडाऱ्यात गेली. तेवढ्यात मनगटाला हिसका बसला. कोंडाबाईनं माझा हात धरून मागं खेचला होता.

"न्हाय उचलायचं तिनं," ती म्हणाली.

"अगं, तुज्यासाटीच," महादू म्हणाला.

"न्हाय म्हनती ना!" ती उठून उभी राहिली. वर्षभरात मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "तात्या, म्या हिच्या दारात वरीसभर हुती. हिची भाकर म्या हातानं मागं लोटली, भुकेली आसून. ही चिडली. पर तिसऱ्या दिशी कोरडं पीठ घिऊन आली. वरीसभर येगळं पीठ, येगळं मीठ. माजी चूल ह्यांच्या देवळाची भित काळी करीत व्हती, ह्यांची मानसं हिला बोलत व्हती, तरी हिनं चूल मोडली न्हाय. मला कदी म्हनली न्हाय की आमच्यातलं खा. तिनं माज्यावर बळ केलं न्हाय. आन् माजंच गाव तिच्यावर बळ करतंय व्हय? असं करून घरात यायचं आसंल तर मला न्हाय यायचं. चल गं पोरी."

आणि ती खरंच गाठोडं बांधू लागली.

तात्यांनी ताट आपल्याकडे ओढलं. मग मला म्हणाले, "वरीसभर कोरडा शिधा दिला?"

"दिला."

"का?"

"तिला आमच्या हातचं चालत नव्हतं."

"तुमी तसंच चालवून घितलं?"

"भूक तिची होती. नियमही तिचाच होता."

तात्यांनी ताट उचलून पोराच्या हातात परत दिलं. "बाटवायचं आसतं त्यो शिधा कशाला देईल?" ते सगळ्यांकडे बघून म्हणाले. "पावन्यांशी म्या बोलतो. महादा, आयेला घरी ने."

सुनेनं दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, सासूच्या पायावर पाणी घातलं आणि तिच्या गळ्यात पडून रडली. मी ओट्याच्या कडेला बसून बघत होते. माझ्या त्या दोन बोटांना, ज्यांना बिब्बा उतला होता, हळद लागलेली होती. मी ती पुसली नाही.

थोड्या वेळानं कोंडाबाई बाहेर आली. हातात सूप, त्यात ज्वारीचं पीठ, मीठ, दोन मिरच्या. अंगणातल्या कोपऱ्यातल्या दगडांकडे बोट करून म्हणाली, "तितं चूल हाय. तुला आमच्या हातचं चालतं का न्हाय, म्या कदी इचारलंच न्हाय."

"मला चालतं की."

"मग आदी बोलायचंस!" ती म्हणाली आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. मग सुनेनं भाजलेल्या गरम भाकऱ्या मी तिथं बसून खाल्ल्या. निघताना सुपातलं पीठ तिनं तरीही माझ्या पदरात बांधलं. "भितीवरल्यास्नी दे," म्हणाली.

त्या शनिवारी मी ते पीठ मुठीच्या पिशवीत टाकलं आणि कमिटीपुढे जाऊन सगळं सांगितलं. हळदीच्या ताटापर्यंत. दादासाहेबांनी विचारलं, "उचललात का?"

"नाही. पण उचलणार होते."

न सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं नंतर माझे यजमान म्हणाले. नसतं चाललं. कमिटीनं नोकरी राहू दिली, पण मला तीन महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. त्या ठरावावर सही दादासाहेबांचीच होती. निर्णय नियमाला धरून होता, माझी तक्रार नव्हती. पण सगळे पुढे जाताना शेवटच्या बाकावर बसून राहणं सोपं नसतं. मला वाईट वाटायचं आणि आजही आठवलं की वाटतं. त्याच बाकावर बसून मी ठरवलं की यापुढे भिंतीवरच्या माणसाला काही द्यायचं ते त्याला विचारून द्यायचं, आणि दिलेल्या वस्तूवर आपली कसलीही खूण ठेवायची नाही. पुढची सगळी वर्षं ते पाळलं. नरसय्यानं बाकीच्या चादरींचे क्रूस एकेक करून उपसले. त्या कामाचे पंधरा दिवस तो प्याला नाही. सोळाव्या दिवशी प्याला.

कोंडाबाईच्या नातीच्या लग्नाला मी गेले, पंगतीत बसून जेवले. ती नंतर दोनदा सोलापूरला येऊन मला भेटली. माझ्या हातचं तिनं शेवटपर्यंत खाल्लं नाही. दोन्ही वेळा मी तिला पीठ काढून दिलं आणि माझ्या सासूनं तिला आमची चूल सारवून दिली.

मी कोंडाबाईच्या गावाहून आले त्याच वर्षी नाताळाच्या आधी भिंतीला चुना मारायचं काम निघालं. गवंडी बादली घेऊन काळ्या पट्ट्यापाशी आला आणि दादासाहेब काठी टेकत तिथवर गेले. मी जवळच मातीत बसले होते.

"तेवढं सोड," ते गवंड्याला म्हणाले.

"काळंच राहू दे?"

"पुन्हा काळंच होणार आहे. चुना कशाला वाया घालवायचा?"

ते माझ्याकडे न बघता पुढे गेले. त्या तीन दगडांवर तेव्हा दुसऱ्याच एका बाईचा तवा चढलेला होता.